पिंपातले धवले

माझ्या मुलीचं लग्न मी एका स्टीलच्या पिंपापायी नोव्हेंबरातून फेब्रुवारीत ढकललं. आधी व्याह्यांना वाटलं, मुहूर्ताची काही अडचण असेल, म्हणून त्यांनी मान डोलावली. खरं कारण सांगितलं तेव्हा विहीणबाईंनी फोनवर दोनदा विचारलं, पिंप म्हणजे नक्की काय. माझा नवरा उरणच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. तो म्हणाला, डबा सुटेना म्हणून ताटकळलेली गिऱ्हाइकं मी रोज बघतो, पण त्यापायी पोरीचं लग्न थांबवलेलं कोणी बघितलं नाही. बोलू दे. मी एकदा ठरवलं की ठरवलं, हे त्याला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलेलं आहे.

पिंप होतं लाटानगरीत. लाटानगरी म्हणजे उरण रस्त्यावरचं पाण्याचं आणि पाळण्यांचं पार्क, शाळांच्या सहली येतात ते. माझ्या माहेरच्या गावठाणाची शेवटची भिंत आणि पार्कचं कुंपण यांच्यामध्ये फक्त एक गटार आहे. आज जिथं पोरं टायरवर बसून किंचाळत खाली येतात तिथं पूर्वी मिठागरं होती, आणि माझी आई गोजरा लग्नाआधी तिथं डोक्यावरून मीठ वाहायची. दोन हजार साली पार्क उघडलं तेव्हा कंपनीने नवीन टूम काढली. तळोज्याच्या कारखान्यातून जाड स्टीलचं पिंप बनवून आणलं. पार्कचं पहिलं तिकीट, गणवेशाची टोपी, पाळण्याचा एक बोल्ट, उद्घाटनाचे फोटो, असं काय काय त्यात भरून ते कारंज्याजवळ पुरायचं आणि पंचवीस वर्षांनी उघडायचं. त्याला टाइम कॅप्सूल म्हणतात म्हणे. आमच्या गावात सगळे पिंपच म्हणाले.

गाव खूश राहावं म्हणून कंपनीचा मॅनेजर आमच्याकडे आला. कुलदीप त्याचं नाव, तेव्हा तरुण होता आणि सगळ्यांना मावशी-काका करून बोलायचा. म्हणाला, गावाचीही एखादी आठवण द्या. कोणी होडीचं वल्हं दिलं, कोणी मीठ ओढायची फळी दिली. माझा थोरला भाऊ किसन पार्कात नुकताच तिकीट खिडकीवर लागला होता. तो म्हणाला, आमच्या आयचे धवले कॅसेटमध्ये भरून घ्या.

धवले म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नातली गाणी. भटजी येतो त्याच्या आधी मांडव असतो धवलारणीचा. हळद असो, तेल असो, नवरी बाहेर काढणं असो, प्रत्येकाचा धवला वेगळा. धवलारीण ओळ सोडते आणि बाकीच्या बायका ती उचलतात. सुरुवातीचे धवले सगळ्याच बायकांना येतात, मलाही येतात. पण मध्ये एक जागा येते. तिथं आधी देवांना लग्नाचं आमंत्रण देतात, मग घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. हे बोलावणं झालं की ती सगळी मंडळी मांडवात येऊन बसली असं आमच्यात धरतात. नाही झालं तर नाही आली. ते बोलावणं फक्त धवलारणीला येतं, आणि आसपासच्या गावांत ती धवलारीण माझी आई होती. पाटलाच्या घरचं लग्न असलं तरी पहिला पाट आईला आणि साडी-नारळही पहिल्यांदा आईलाच.

मला ते हवं होतं. कशासाठी हवं होतं असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. मानासाठीही हवं असेल. पण आवाज माझा चांगला होता, आईसारखाच होता, आणि ती गाणी माझ्याकडे येणार हे मी लहानपणापासून धरूनच चालले होते. मी मागे लागायची, आई उद्यावर टाकायची. आधी म्हणाली लग्न होऊ दे, मग म्हणाली पोर होऊ दे. मांडवात ती नेमकी बोलावण्याच्या जागेशी आली की मला उठवायची आणि पाणी आणायला पाठवायची. मी कळशी घेऊन धावत जायची आणि परत येईपर्यंत ते संपलेलं असायचं. मला कधी संशयसुद्धा आला नाही, असली मी हुशार.

कॅसेट भरली ती पार्कच्या ऑफिसात, काचेच्या केबिनमध्ये. आईने अट घातली की घरचं कोणी आत नको. मी बाहेर उभी राहिले, माझी लेक राजलक्ष्मी कडेवर. काचेतून आवाज येत नव्हता, पण आईचं तोंड हलताना दिसत होतं. ती मांडीवर थाप देत होती, मान हलवत होती, मध्येच कुलदीपशी काही बोलत होती. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, अभिमानाने आलं. पार्कचे सगळे मोठे लोक आणि आमचं सगळं गाव यांच्यासमोर ती कॅसेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिंपात ठेवली, वर झाकण बसलं आणि वेल्डिंग झालं.

परत येताना आईने माझा हात धरला. हात धरून चालणं वगैरे तिच्यात नव्हतं, म्हणून मला ते चांगलं आठवतं.

"सगला हाय त्यात, नमे," ती म्हणाली. "मी असन नसन. पंचवीस वर्सांनी काढ नि शिक."

मी म्हटलं, तू आहेस तर तोंडानेच शिकव की. त्यावर ती म्हणाली की जे जमिनीच्या हवाली केलं ते वर निघेपर्यंत कोणाला शिकवायचं नसतं, धवलारणीला तसा नेमच आहे. असा नेम मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. पण नेम सांगणारी तीच आणि पाळणारीही तीच, मी कोण विचारणार? त्यानंतर मी एकदाही विषय काढला नाही. उरणला मात्र शेजारणींपासून मासळी बाजारापर्यंत सगळ्यांना सांगून झालं की माझ्या आईचा आवाज सरकारी कागदासारखा सीलबंद करून ठेवलाय. आई गेली दोन हजार चौदाला. दिवसांना आलेल्या बायका म्हणाल्या, गोजराबाय गेली नि धवले गेले. मी म्हटलं, गेले नाहीत, पिंपात आहेत.

तोवर हळदीला डीजे आला होता. गावात कोणाला धवलारीण नको होती, नि असती तरी मिळाली नसती. राजलक्ष्मीचं जमलं तेव्हा मी घरात जाहीर केलं की हिच्या मांडवात हिच्या आजीचे धवले होणार आणि ते मी म्हणणार. पिंप जानेवारीत निघेल, महिनाभरात मी पाठ करीन, फेब्रुवारीत लग्न. राजलक्ष्मी हसली आणि म्हणाली, आई, तुला पाठ झाले नाहीत तर मी मोबाईलवर लावीन. तिलाही मनातून ते हवं होतं.

जानेवारीत पिंप निघालं. पार्क आता जुनं झालंय, पाळण्यांचे रंग उडालेत, पण त्या दिवशी फुगेबिगे लावले होते. कुलदीप रिटायर झालेला, केस पांढरे, पाहुणा म्हणून आला होता. क्रेनने पिंप वर घेतलं, कटरने झाकण कापलं, आणि आतून बंद माळ्यासारखा कोंदट वास आला. टोपीला बुरशी, फोटो एकमेकांना चिकटलेले. कॅसेट मात्र दोन पिशव्यांत होती, कोरडी ठणठणीत. पार्कची आत्ताची पोरं ती हातात घेऊन उलटसुलट करायला लागली. एकाने तर विचारलं की हिला चार्जिंग कुठून करतात. मी पनवेलहून दुरुस्त करून आणलेला टेप पिशवीतून बाहेर काढला आणि म्हटलं, द्या इकडे.

तीच काचेची केबिन. या वेळी मी आत होते. किसनदादा होता, त्याची बायको सुनयना वहिनी होती, राजलक्ष्मी मोबाईल धरून रेकॉर्डिंगला तयार, कुलदीप आणि पार्कची चार माणसं. मी बटण दाबलं.

आधी खरखर. मग आईने घसा साफ केला. नुसतं खाकरणं ते, पण मी टेपच्या जवळ सरकले, कारण तिचा आवाज अकरा वर्षं ऐकला नव्हता. मग ती गायला लागली. आवाज खणखणीत, थाप बरोबर, आणि पहिली ओळ संपेपर्यंत मला कळलंच नाही की ती काय गातेय. दुसऱ्या ओळीला कळलं. ते शिमग्याचं गाणं होतं. होळीभोवती फिरताना गावातलं शेंबडं पोरही म्हणतं ते. ते संपलं की शिमग्याचंच दुसरं. मग तिसरं. मध्ये कुलदीपचा तरुण आवाज आला, "मावशी, हीच ना लग्नातली?"

"हां, हीच," आई म्हणाली. "लग्नातलीच."

पार्कच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुलदीपचे डोळे भरले होते. राजलक्ष्मीने मोबाईल खाली घेतला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, ही तर होळीची आहेत." मी कॅसेट उलटी केली. दुसऱ्या बाजूलाही तेच. शेवटी एक नारळीपौर्णिमेचं, मग खरखर, मग खट्.

खरं सांगते, आधी मला हसू आलं. आईने कंपनीला चुना लावला होता. आणि बरोबरच होतं तिचं. लग्न नाही, नवरा-नवरी नाही, मांडव नाही, आणि एसीच्या केबिनमध्ये बसून देवांना आणि मेलेल्यांना आवतण द्यायचं? ते आले असते तर बसले असते कुठं? कुठलीही धवलारीण हे करणार नाही. एवढ्या मोठ्या साहेबांना तिने तोंडावर फसवलं आणि कोणाला पत्ता लागला नाही. मी हे किसनदादाला जरा मोठ्यानेच बोलून दाखवलं. तो बुटांकडे बघत राहिला. वहिनी तर पदराच्या टोकाला पीळ देत होती.

पार्कमधून भावाच्या घरी चालत जायला वेळ लागत नाही. पण तेवढ्यात हसू उतरलं. कंपनीला फसवलं ते ठीक. मग माझा हात धरून मला काय सांगितलं होतं? मी कुठं कंपनी होते?

किसनदादा बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि वहिनी चहा ठेवत होती. माझा चेहरा तिला बघवेना बहुतेक. ती मायाळू आहे, तीच तर पंचाईत.

"ताई, तुमी लग्नाचा टेन्शन घेऊ नका," ती गॅसकडे बघत म्हणाली. "मना येतात थोडे."

"काय येतात?"

"धवले."

मग एकेक गोष्ट निघाली, आणि ती मला ओढून काढावी लागली. वहिनी लग्न होऊन आली ते पार्क उघडायच्या आदल्या वर्षी. आल्यापासून आई तिला दुपारी शिकवायची. दाराला कडी, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा, आणि दोघी जवळा निवडत बसलेल्या. मी माहेरपणाला आले की शिकवणं बंद. म्हणजे मी काचेबाहेर उभी राहून अभिमानाने रडत होते, तेव्हा घरात वहिनीचं निम्मं शिकून झालं होतं. आणि किसनदादाला सगळं माहीत होतं. कॅसेटची कल्पना त्याची म्हणून मी इतकी वर्षं त्याचं कौतुक करत होते. ती कल्पना आईची होती, तो फक्त बोलला.

मी विचारलं, मला का नाही? वहिनीने आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. लेक दुसऱ्याच्या घरची. तिच्या तोंडात गेले की धवले उरणच्या घराचे झाले, मग आपल्या घरच्या सुनेला पाट कोण मांडल?

"बरं," मी म्हटलं. "तर तसं सांगायचं होतं. मग मला ते पिंप कशाला दाखवलं?"

वहिनीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुमी सारख्या मागं लागायच्या ना," ती म्हणाली. "तुमी गप बसाव्या म्हनून."

रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा देतात, तसा माझ्या आईने मला पंचवीस वर्षांचा खुळखुळा दिला होता, आणि मी तो गावभर वाजवत हिंडले होते. नाही म्हणाली असती तर मी भांडले असते, आठ दिवस जेवले नसते, आणि मग कुठूनतरी शिकले असते. तेव्हा आसपासच्या गावांत दोन-तीन म्हाताऱ्या धवलारणी जिवंत होत्या. मी त्यांच्याकडे गेले नाही. कशाला जाऊ, माझ्या आईचे माझ्यासाठी ठेवलेले होते ना. त्या म्हाताऱ्या आता कोणी उरल्या नाहीत.

बाहेरून किसनदादा म्हणाला की गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, आणि आपल्या घराची रीतच तशी आहे, तुला दुसऱ्या कशात कमी केलं का. मी त्याला टीव्हीचा आवाज वाढव म्हटलं. आधी वाढवत होतास तसाच.

मग मी वहिनीला विचारलं की आई गेल्यावर ती कुठल्या लग्नात उभी का राहिली नाही. निदान गावात तरी. ती म्हणाली, "गायली असती तं तुमाला कललं असतं."

म्हणजे मला कळू नये एवढ्यासाठी अकरा वर्षं धवले गप्प होते. मी म्हटलं, आता कळलं ना, आता शिकव. वहिनीने मान हलवली. आईने तिच्याकडून शपथ घेतली होती, किसनदादाच्या गळ्याची. मांडवात म्हणायचे, लेकीला शिकवायचे नाहीत. ती रडायला लागली. चहा उतू गेला आणि कोणीच प्यायला नाही.

मी घरी आले. तीन दिवस माझ्या मनात होतं की सरळ डीजे लावू, वाजव म्हणावं काय ते. राजलक्ष्मी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, आजीचं आणि तुझं जे काय असेल ते असेल, पण मला मांडवात ते हवंय. मामीला म्हणू दे. पोरीचं लग्न, तिच्यासाठी मी मान खाली घातली. वहिनीला फोन केला.

लग्नाच्या सकाळी वहिनीसाठी पहिला पाट मी माझ्या हाताने मांडला. साडी-नारळही मीच दिला. माझ्या दारात, माझ्या मुलीच्या मांडवात, मला जे हवं होतं ते सगळं मी दुसरीच्या ओटीत घातलं, आणि वरून तिच्या पाया पडले, कारण धवलारणीच्या पाया पडायचं असतं. ती संकोचाने अर्धी झाली होती. उरणच्या बायका कौतुकाने बघत होत्या. विहीणबाईंनी मला विचारलं, पिंपातून निघाले ते हेच का? मी हो म्हटलं.

वहिनीचा आवाज घोगरा आहे, आणि इतक्या वर्षांत मोकळा झालेला नाही. पण चाल आईची होती. श्वास कुठं घ्यायचा, ओळ कुठं लांबवायची, सगळं आईचं. सुरुवातीला मी तोंड मिटून बसले. रागाने. मग सगळ्या बायका ओळ उचलायला लागल्या आणि माझंही तोंड उघडलं, मला थांबवता आलं नाही. हळदीचा झाला, तेलाचा झाला. आणि मग ती बोलावण्यावर आली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या जागेला मांडवात बसलेली होते.

देव बोलावले. गावदेव, समुद्र, मिठागराचा बापदेव. मग माझ्या सासरचे मेलेले, नावानिशी, सासऱ्यांपासून वरपर्यंत. म्हाताऱ्या बायका नाव आलं की पदर डोळ्याला लावत होत्या. मग नवरीच्या आजोळचे. तिथं चाल बदलते, हे मला तेव्हा कळलं. आजोळच्यांना बोलवायचे शब्दच वेगळे, लेकीच्या घरी माहेरच्यांनी कसं यायचं त्याचे. वहिनीने चाल बदलली, अर्धी ओळ म्हटली आणि थांबली.

तिने पुन्हा मागची ओळ घेतली. पुन्हा तिथंच थांबली. बायकांना वाटलं, दम लागला. तिसऱ्यांदा तिने सुरुवात केली तेव्हा तिचा चेहरा बघून मला कळलं की पुढचं गेलेलं आहे. इतकी वर्षं तोंडातून काढलं नव्हतं, कसं राहील? तिने माझ्याकडे बघितलं. ती बघतेय म्हटल्यावर सगळा मांडव माझ्याकडे वळला. माझी चुलतसासू म्हणाली, "गोजराबायची सख्खी लेक बसलीय की. सांग ना गं तिला पुढचं."

राजलक्ष्मी हळदीच्या अंगाने माझ्याकडे बघत होती.

"मला येत नाही," मी म्हटलं.

कोणाला खरं वाटलं नाही. चुलतसासू पुन्हा म्हणाली, लाजतेस काय. मी पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्याने. मग वहिनीने ते तिथंच सोडलं आणि नवरी बाहेर काढण्याचा धवला धरला. तो सगळ्यांना येतो. बायकांनी ओळ उचलली, मीही उचलली. नातीच्या लग्नाला माझ्या सासरचे सगळे मेलेले आले होते. माझी आई तेवढी मांडवाबाहेर राहिली.